कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रातली जमीन जिप्सम टाकूनही चिकटच का राहते?

बहुतेक वेळा कारण एकच असते: निचरा नाही. अशा बंदिस्त खोऱ्यात पाणी येते, पण बाहेर जात नाही. ते आटते आणि क्षार मागे राहतात. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला, पण दुसऱ्या क्षाराने हटवता येणारा) 15 टक्क्यांच्या वर आणि सामू (pH) 8.5 च्या पुढे असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेली, समजा.

सोपी चाचणी: सुके ढेकूळ पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवा. भोवती दुधाळ ढग पसरला तर माती विस्कटते आहे.

जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते, पण सुटलेला सोडियम धुऊन खाली गेलाच पाहिजे. म्हणून आधी चर काढा, मग जिप्सम वरच्या थरात मिसळा, नंतर पाणी साचवा. 30 सेंमी खोलीतले बरेचसे विद्राव्य क्षार धुवायला साधारण तेवढ्याच उंचीचे पाणी मुरावे लागते. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. जिप्समआधी नुसत्या गोड्या पाण्याने धुऊ नका. क्षार कमी होतात, सोडियम राहतो आणि माती आणखी घट्ट होते. भूजल उथळ असेल आणि बाहेर काढायला उतारच नसेल, तर केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर, क्षार परत वर येतात. तिथे खर्च न केलेला बरा. क्षार सोसणारे गवतच राहू द्या.