व्हिएतनामसाठी कर्ज काढू की एफडी मोडू?

ताई, तुमचा मेल वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात लिहितो. सांगलीच्या या ताई शाळेत इतिहास शिकवतात, मिस्टर खासगी कंपनीत आहेत, मुलगी सातवीत. दोघांचे मिळून हातात ९२,००० येतात, घराचा हप्ता २४,०००, एसआयपी १२,०००, घरखर्च ३५,०००. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी व्हिएतनामला जायचंय, एजंटचं ७ रात्रींचं पॅकेज माणशी ९५,००० म्हणजे २,८५,०००, त्यावर जीएसटी. ट्रिपसाठी ८५,००० साठलेत, उरलेल्या दोन लाखांसाठी १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं, का अडीच लाखांची एफडी मोडावी, का एसआयपी वर्षभर थांबवावी असा प्रश्न आहे. आणि दीर म्हणतात पैसा काय येत-जात राहतो, जाऊन या.

दिरांचं मला पटतं, जाऊन याच. पण तिन्हीपैकी एकही पर्याय नको, कारण हे कर्ज तुम्ही व्हिएतनामसाठी काढतच नाही आहात, दिवाळीच्या तारखेसाठी काढताय, आणि नेमकी ती तारीखच तुमच्या ट्रिपला सगळ्यात वाईट आहे.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मुख्य बघायचंय ते 'मी सन' (My Son) नावाचं ठिकाण, तिथल्या जुन्या चाम राजांची शिवमंदिरं, आणि मग होई आन हे जुनं गाव. ही दोन्ही मध्य व्हिएतनामात, दा नांगच्या जवळ. तिथला पाऊस आपल्यासारखा जून-जुलैचा नाही, सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळ्यात जोरात. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे इकडे दिवाळी होऊन आठवडा झाला असेल नसेल तेव्हा, तिथल्या हुए शहरात आणि होई आनमध्ये पूर आला होता, जुन्या गावातल्या गल्ल्यांमधून होड्या फिरत होत्या. २०१९ ला कृष्णेचं पाणी बघितलेल्या माणसाला पूर म्हणजे काय हे मी सांगायला नको. दरवर्षी एवढा येईलच असं नाही, पण तीन लाख घालून खोलीत बसून पाऊस बघायची रिस्क कशाला घ्यायची.

अजून एक, एजंटची आयटिनररी तुम्ही जोडली होती ती मी नीट वाचली. त्यात बा ना हिल्सचा तो मोठ्या हातांवरचा गोल्डन ब्रिज आहे, हालाँग खाडीतली क्रूझ आहे, हो ची मिन्ह सिटीत शॉपिंगचा अर्धा दिवस आहे, पण मी सन कुठेच नाही! ज्याच्यासाठी जायचं तेच पॅकेजमध्ये नाही. आणि बा ना हिल्सचं तिकीटच मोठ्या माणसाला १० लाख डाँगच्या आसपास आहे, रुपयाला साधारण २९०-३०० डाँग धरले तर तीन हजारांच्या वर, तर मी सनचं १,५०,००० डाँग म्हणजे पाचशे रुपये. चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली विटांची देवळं, भद्रेश्वर नावाने शिवाची पूजा, १९६९ च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये बरीच पडली, १९९९ ला युनेस्कोच्या यादीत आली आणि नंतर आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे दुरुस्तीचं काम केलं, २०२० ला काम करताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. इतिहासाच्या बाईंनी हे सोडून फायबरग्लासच्या हातांबरोबर फोटो काढायचे म्हणजे जरा अवघडच आहे.

आता पैशाचं. दोन लाख, १४ टक्के, २४ महिने, हप्ता बसतो साधारण ९,६०० आणि व्याज जातं ३०,५०० च्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळी. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी म्हणजे १४,२५० अजून. व्याज धरून ट्रिप पडते ३ लाख ३० हजारला आणि त्यात व्हिसा आणि दुपारची जेवणं नाहीतच. वर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, तो खर्च नाही, रिटर्न भरताना मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात, आणि ज्याच्या पॅनवर बिल फाडलंय त्यालाच मिळतो हे बिल करतानाच बघायचं. एजंट "नो कॉस्ट ईएमआय"ही देतोय म्हणता, तर रोख दिले तर किती कमी करता हे त्याला एकदा विचारा, व्याज कुठे लपलंय ते लगेच कळेल.

एफडीला अजिबात हात लावायचा नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे महिन्याला ५९,००० जातात, म्हणजे ही एफडी फक्त चार महिन्यांची सोय आहे, त्यात मिस्टरांची नोकरी खासगी. एसआयपी थांबवायला काही दंड नसतो म्हणून ती थांबवणं सोपं वाटतं, पण थांबवलेली परत चालू करायला लोकांना किती वर्षं लागतात ते मी रोज बघतो.

मग करायचं काय, तर मे महिन्यात जा. १ मेला रिझल्ट लागला की तुम्हीही मोकळ्या, मुलगीही मोकळी. तिकडे ३० एप्रिल आणि १ मेला त्यांची मोठी सुट्टी असते, सगळा देश फिरायला निघतो, म्हणून ४-५ मे नंतरचं तिकीट काढा, त्यांच्या मुलांच्या शाळा अजून चालू असतात त्यामुळे मधे हॉटेलं जरा स्वस्त सापडतात. ऊन असतं, दमटही असतं, पण मी सनला सकाळी लवकर पोचायचं आणि दुपारी होई आनला सावलीत बसायचं, जमतं.

खर्च मी असा धरलाय: मुंबई-हनोई येऊन-जाऊन तिघांचे ९०,०००, हनोई-दा नांग दोन्ही बाजूंचे २७,०००, आठ रात्री थ्री स्टार २८,०००, व्हिसा-इन्शुरन्स-सिम १२,०००, हालाँगला रात्रीची क्रूझ न घेता एका दिवसाची ट्रिप १२,०००, जेवण २७,०००, टॅक्सी, तिकिटं, सांगली-मुंबई मिळून २०,०००. झाले २,१६,०००, वर खरेदीला नऊ हजार. हो ची मिन्ह सिटी आणि बा ना हिल्स यात नाही, मुलगी गोल्डन ब्रिजसाठी रडली तर खरेदीचे पैसे तिकडे वळवा. त्याऐवजी हनोईत टेंपल ऑफ लिटरेचर बघा, १०७० सालचं आहे, परीक्षा पास झालेल्यांची नावं दगडात कोरून दगडी कासवांच्या पाठीवर उभी केलीत, पेपर तपासून आलेल्या बाईंना आवडेल.

पैसे उभे कसे राहतात बघा. ९,६०० चा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच ना, मग या ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत ११,००० ची आरडी लावा, नऊ महिन्यांचे ९९,००० होतात. कागदावर तुमचे महिन्याला २१,००० उरतात आणि ते कुठे जातात कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय, तर पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडी कापली गेली की त्यातले अर्धे सापडतील. साठलेले ८५,०००, मिस्टरांचा दिवाळी बोनस ४०,०००, एकूण २,२४,०००, वरचे हजार आरडीच्या व्याजातून. बसलं. विमानाची तिकिटं जानेवारीत काढा, तोपर्यंत तेवढी रक्कम हातात असेल.

तिघांपैकी कुणी वयस्कर असतं किंवा शुद्ध शाकाहाराचा कडक प्रश्न असता तर मी पॅकेजच घ्या म्हटलं असतं, कारण तिकडे भाजीतही माशाचा सॉस पडतो आणि दरवेळी विचारत बसावं लागतं. तुम्ही मासे खाता, मग काही अडचण नाही.

व्हिसा स्वतः काढा. सिंगल एंट्री ई-व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर आहे, साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असाच संपला पाहिजे, सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ते गाळू नका, चुकलं तर फी परत मिळत नाही. इथून डाँग घेऊन जाऊ नका, डॉलर न्या आणि तिकडे बदला. क्रेडिट कार्ड घासायच्या आधी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात खर्च केला की बँक लावते तो जादा आकार, बघा, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के अधिक जीएसटी असतो. आणि एक, २०,००० ची नोटही निळी आणि ५,००,००० चीही निळी, एक सत्तर रुपयांच्या आसपासची आणि दुसरी जवळजवळ सतराशेची, टॅक्सीत घाईत देताना मुलीला शून्यं मोजायला लावा.

एजंटने महिनाअखेरपर्यंत २५ टक्के भरायला सांगितलेत ते भरू नका, भरल्यावर कॅन्सल केलं तर किती परत मिळतात हे त्याच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलेलं असेल, तेवढं वाचा आणि त्याला नाही म्हणून कळवून टाका.