प्ली बार्गेनिंगवर सही केली, आता अपील करता येईल का?

प्रश्न : मुलावर फसवणुकीचा खटला आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८(४)). आरोप नुकतेच निश्चित झाले. वकील प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा करार) सुचवतात. शिक्षा किती लागेल?

उत्तर : आधी मुदत पाहा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणारा कायदा) कलम २९० नुसार आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्यावा लागतो. जुन्या कायद्यात ही मुदत नव्हती, म्हणून अजूनही लोक गाफील राहतात. कलम ३१८(४) ची कमाल शिक्षा ७ वर्षं, आणि प्ली बार्गेनिंग ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांनाच चालतं, म्हणजे गुन्हा या तरतुदीत जेमतेम बसतो. मुलाला पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल तर कोर्ट कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे १४ महिने देऊ शकतं. वेगळ्या गुन्ह्यात झाली असेल तर एक चतुर्थांश, २१ महिने. प्रोबेशन (कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका) मागता येतं, कच्च्या कैदेचे दिवसही वजा होतात. पण दोषी ठरल्याची नोंद राहतेच. फिर्यादी भरपाई घेऊन मिटवायला तयार असेल तर आधी सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली, कोर्टाच्या परवानगीने, तडजोडीचा प्रयत्न करा. तिचा परिणाम निर्दोष सुटका. वकिलांना हे पहिल्यांदा विचारा.

प्रश्न : प्ली बार्गेनिंगमध्ये बोलणी प्रोबेशनची झाली होती, निकालात भावाला कैद लागली. सत्र न्यायालयात अपील चालेल?

उत्तर : नाही. सुरक्षा संहितेच्या कलम २९५ ने अपील बंद केलं आहे, सरकार पक्षालाही. उरतात दोनच वाटा : घटनेच्या कलम २२६ व २२७ खाली उच्च न्यायालयात रिट, आणि कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. नुसतं ‘शिक्षा जड आहे’ म्हणून तिथे सहसा काही हाती लागत नाही. प्रक्रियेतली चूक दाखवावी लागते. निकालाची आणि संपूर्ण रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा. न्यायाधीशांनी भावाला इन कॅमेरा (बंद दाराआड), समोरच्या पक्षाच्या गैरहजेरीत, हे स्वखुशीने करतोय का असं विचारल्याची नोंद आहे? बोलणीत काय ठरलं ते नोंदवणाऱ्या कलम २९२ च्या अहवालावर न्यायाधीशांसह सगळ्यांच्या सह्या आहेत? पीडिताला नोटीस गेली होती? गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असेल तर हा मार्ग मुळातच लागू नव्हता. प्रोबेशनचं बोलणं अहवालात उतरलेलं नसेल, तर मात्र ते सिद्ध करणं महाकठीण. शिक्षेवरचा युक्तिवाद निकालाआधीच्या सुनावणीतच संपवायचा असतो.

प्रश्न : मी कुठलाही करार केला नाही, मॅजिस्ट्रेटसमोर फक्त ‘गुन्हा कबूल’ म्हटलं. मलाही हेच लागू?

उत्तर : नाही, तुमची बाजू थोडी बरी. सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे दोषी ठरवण्याला आव्हान नाही, पण शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, यावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील होतं. अगदी किरकोळ दंड मात्र यातून वगळलेत.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डधारक. फेडरल (अमेरिकी केंद्रीय) खटल्यातल्या प्ली करारात ‘अपिलाचा हक्क सोडतो’ असं लिहिलंय. सही करावी?

उत्तर : तिथे अपील कायद्याने नव्हे, आरोपीच्या सहीने जातं, म्हणून करारातलं ते कलम शब्दन् शब्द वाचा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिक्षा झाल्यास अपील राहील, असा अपवाद वकिलाला मागायला सांगा. न्यायाधीशांनी हे कलम भर कोर्टात समजावणं बंधनकारक आहे. सही करूनही आरोपीने सांगितलं तर वकिलाने अपिलाची नोटीस दिलीच पाहिजे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. मुदत निकालाच्या नोंदीपासून १४ दिवस. हद्दपारीचा धोका आहे का, हे सहीआधी लेखी विचारा. तो सांगणं हे वकिलाचं कर्तव्य असल्याचं २०१० पासून ठरलेलं आहे.