'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावावे का?

'डिस्कस', 'मॅरी', 'रीच' या क्रियापदांनंतर अनुक्रमे 'अबाउट', 'विथ', 'टू' लावावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, कारण ही क्रियापदे आपले कर्म थेट घेतात. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, कोणाशी तरी लग्न करतो आणि स्टेशनला पोहोचतो. तेथील 'वर', 'शी' आणि 'ला' नकळत इंग्रजीत उतरतात. म्हणून कार्यालयीन पत्रात 'वुई डिस्कस्ड अबाउट द बिल' असे न लिहिता 'वुई डिस्कस्ड द बिल' असे लिहावे.

गोंधळ खरा होतो तो नामामुळे. 'डिस्कशन' हे नाम असल्याने त्यापुढे 'अबाउट' शोभते. 'रिक्वेस्ट'चेही तसेच, 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, परंतु क्रियापद म्हणून वापरताना 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चुकीचे. 'एंटर'ची गंमत निराळी आहे: खोलीत शिरताना 'एंटर द रूम' पुरते, मात्र करार करताना 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट' असेच म्हणावे लागते.

उलट 'लिसन'ला 'टू' आणि 'वेट'ला 'फॉर' लागतेच. 'एक्स्प्लेन मी' हेही टाळावे. 'एक्स्प्लेन इट टू मी' म्हणावे.

सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापद पाहताना अर्थावर न थांबता त्याखालील उदाहरणवाक्ये वाचावीत आणि क्रियापद त्याच्या शब्दयोगी अव्ययासकटच पाठ करावे.