आधी आजार, मग आधार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बंदराजवळच्या आरोग्य उपकेंद्रात रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात एका नेपाळी खलाशाला 'आधार कार्ड घेऊन ये' म्हणून परत पाठवलंस, मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं लिहितेस. नाही लागला ते बरं झालं. तो आपणहून परत यायचा नाही. तूच जेटीवर जा आणि शोध त्याला.

मी नोकरीत होते तेव्हा केसपेपरच्या खिडकीशी एकच पालुपद लावायचे, आधी आजार, मग आधार. क्लार्क हसायचा, पण पेपर काढायचा. 'राहणार'च्या रकान्यात मी होडीचं नाव लिहायचे, नाहीतर आंब्याच्या बागेच्या मालकाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला आणि उपचाराला पैसे नाहीत, त्यामुळे तुझं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. खरी अडचण मोठ्या ऑपरेशनला येते. मोठ्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या महात्मा फुले योजनेला शिधापत्रिका नाहीतर रहिवासाचा दाखला लागतो, आणि यांच्याजवळ दोन्ही नसतं. तेव्हा मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी फोन कर, मग रुग्ण पाठव.

तू विचारतेस, हे लोक निर्वासित का? नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही. पण उद्या एखादा अफगाणी किंवा म्यानमारमधून जीव वाचवून आलेला माणूस तुझ्यासमोर बसेल. त्याच्या हातात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं, दिल्लीहून मिळालेलं कार्ड असेल आणि ते खिडकीवर कोणी ओळखणार नाही. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही. मात्र घटनेतलं एकविसावं कलम नागरिकाबद्दल बोलत नाही, 'व्यक्ती'बद्दल बोलतं. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. जीव धोक्यात असलेल्याला कुठल्याही डॉक्टरने आधी वाचवायचं, हे त्याच न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. एवढं पाठ असू दे, भांडायला नव्हे, वरिष्ठांशी शांतपणे बोलायला.

आणि हो, 'कोणाला कळणार नाही' असं वचन कधी देऊ नकोस. परदेशी माणूस रुग्णालयात दाखल झाला की रुग्णालयाला ते कळवावं लागतं. खरं सांग, शेजारी बस.

आता माझी चूक ऐक. एका मार्चमध्ये हापूसच्या बागेतला राखणदार आला. कपाळाला हात लावून 'रिंगटा, रिंगटा' म्हणत होता. मला ऐकू आला नायटा! मलम दिलं आणि पाठवलं. संध्याकाळी त्याला टेम्पोत घालून आणलं, तोंडाला लाळ, अंग घामाने निथळलेलं, बाहुल्या टाचणीएवढ्या. सकाळी तोंडाला फडकं न बांधता कीटकनाशकाची फवारणी केली होती त्याने. नेपाळीत रिंगटा म्हणजे चक्कर. डॉक्टरांनी त्या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन दिलं, वाचला. त्यानंतर मी वहीच केली: ज्वरो म्हणजे ताप, दुख्छ म्हणजे दुखतंय. तूही कर. आणि त्याला 'ए गुरख्या' म्हणू नकोस, नाव विचार.

दुभाषा म्हणून मालक किंवा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, चालत नाही. माणूस त्यांच्यासमोर 'बरा आहे' असंच म्हणणार, खाडा झाला की पैसे कापले जातात. बायकांच्या बाबतीत तर नवऱ्यालाही पडवीत बसव. त्याच बागेतली दुसरी बाई शोध, जिला मराठी येतं.

सगळ्यात जास्त डोकं क्षयरोगाला लागतं. औषध सहा महिन्यांचं, आणि होड्या १ जूनला बंद. फेब्रुवारीत निदान झालं की पावसाळ्याच्या तोंडावर चौथा महिना चालू असतो आणि माणूस ट्रकने स्टेशन गाठतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो म्हणून त्याला वाटतं, झालं. म्हणून पहिल्याच दिवशी विचार, गावी कधी जाणार? निक्षयवरची, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली बदली देशापुरतीच, सीमेपलीकडे कागदच जातो. तेव्हा इंग्रजीत एक चिठ्ठी लिही: औषधं कोणती, कधी सुरू केली, किती उरली, थुंकीचा शेवटचा रिपोर्ट. नेपाळ सरकारही ही औषधं फुकट देतं, हे त्याला सांग. पोषण आहाराचे महिना हजार रुपये बँक खात्यात येतात. खातं नसलं तर पैसे अडतील, गोळ्या अडू देऊ नकोस.

बागेतल्या मांगरात, मजुरांच्या खोपटात, तान्ही मुलं असतातच. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस मोजून ठेव आणि लसीकरणाचं कार्ड आईच्या हातात दे, तुझ्या कपाटात नको. फुरसं चावलं तर थेट १०८.

जेटीवर कधी जाऊ, असं विचारलंयस. रोज पहाटे गेलीस तर कोणी बोलायचं नाही, मासळी उतरत असते. वादळाचा बावटा लागला की सगळ्या होड्या बंदरात येतात आणि खलाशी जाळी विणत बसतात. त्या दिवशी वजनकाटा, बीपीचं मशीन आणि थुंकीच्या डब्या घेऊन जा. छत्री मात्र घरीच ठेव, त्या वाऱ्यात माझ्या तीन छत्र्या उलटल्या.

तुझी,
मावशी