घरच्या आर्केड कॅबिनेटला (उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीला) दुकानांवरचे एलईडी बोर्ड स्क्रीन म्हणून लावता येतील का?

गेमच्या स्क्रीनसाठी विचारत असाल तर नाही. कॅबिनेटच्या कपाळावरच्या नावाच्या पाटीसाठी विचारत असाल तर बिनधास्त लावा.

हिशेबच बघा ना. दुकानांवर अक्षरं सरकतात तो लाल बोर्ड पी-10 पॅनलचा, म्हणजे दोन ठिपक्यांत 10 मिलिमीटर अंतर असलेल्या तुकड्यांचा. एक पॅनल 32 सेंटिमीटर रुंद, 16 उंच, आणि त्यात ठिपके 512. 1980 चा पॅक-मॅन 224 गुणिले 288 ठिपक्यांचा. म्हणजे 126 पॅनल, सव्वादोन मीटर रुंद आणि जवळपास तीन मीटर उंच! वर एकरंगी, म्हणजे चारही भुतं लाल आणि पॅक-मॅनही लाल. गेमसाठी एखादा जुना एलसीडी मॉनिटर उभा करून लावा.

पाटीला मात्र दोन पॅनल पुरतात, 64 सेंटिमीटर. मी नागपुरात बर्डीवरच्या एका पाटीवाल्याकडून जुने घेतले, मजकूर साठवून फिरवणाऱ्या कार्डासकट. घरी आणून चालू केले तर 'सावजी मटण थाळी' सरकू लागली! कार्डात जुना मजकूर तसाच होता. मीही तो आठवडाभर काढला नाही. बिल्डिंगमधले पोट्टे खेळायला आले की आधी थाळी मागायचे.

पण ते कार्ड आपल्या कामाचं नाही. मोबाइलवरून मजकूर भरला की ते तोच फिरवत बसतं, कोणता गेम सुरू झाला हे त्याला कळत नाही. मी ते काढून ईएसपी32 लावला, म्हणजे आपण प्रोग्रॅम लिहून चालवू शकतो अशी छोटी चिप. कॅबिनेटमध्ये रास्पबेरी पाय (हातावर मावणारा कॉम्प्युटर) आणि रेट्रोपाय (त्यावर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर गेम सुरू होताना 'रनकमांड-ऑनस्टार्ट' नावाची स्क्रिप्ट आपोआप चालते आणि तिला गेमच्या फाइलचं नाव मिळतं. तेच यूएसबीवरून ईएसपी32 ला पाठवायचं, की तो त्या गेमची पाटी लावतो. चालू स्कोअर दाखवायच्या नादी लागू नका. प्रत्येक गेम तो मेमरीत वेगळ्याच जागी ठेवतो. मी दोन रविवार घालवून सोडून दिलं.

पाटी मराठीत हवी असेल तर तयार फॉन्टवर विसंबू नका. ईएसपी32 वरून पॅनल चालवणाऱ्या लायब्रऱ्यांना, म्हणजे तयार कोडला, जोडाक्षरं जमत नाहीत, वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. शब्द कॉम्प्युटरवर 16 ठिपके उंचीचं चित्र म्हणून काढा आणि चित्रच पाठवा.

रंगीत हवं असेल तर पी-5 चे 64 गुणिले 32 ठिपक्यांचे दोन पॅनल घ्या, माप तेच. ते थेट पायवरून चालवायचा मोह होतो, तिथे मी फसलो. त्यासाठी सर्रास वापरतात ती लायब्ररी पायच्या आवाजाचंच हार्डवेअर वापरते, त्यामुळे पायचा स्वतःचा आवाज बंद करावा लागतो. मुका आर्केड काय कामाचा? रंगीतलाही ईएसपी32 च बरा.

वीज पायकडून घेऊ नका. पूर्ण पांढरा पेटला तर एक रंगीत पॅनल 4 अँपिअरपर्यंत ओढू शकतो, म्हणून 5 व्होल्टचा वेगळा सप्लाय लावा आणि सप्लायचा आणि ईएसपी32 चा ग्राउंड (ऋण तार) एकमेकांना जोडा. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच तापलेली असते, तेव्हा प्लायच्या पेटीला मागून जाळी आणि छोटा पंखा हवाच. फक्त कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. ओल्या हवेनं माझ्या एका पॅनलच्या पिना गंजल्या.

आणि हे पॅनल उन्हात दिसावेत म्हणून बनवलेले असतात. घरात ब्राइटनेस दहा-पंधरा टक्क्यांवर आणा आणि समोर काळसर अ‍ॅक्रिलिक लावा, नाहीतर खेळणाऱ्याला खालची स्क्रीनच दिसणार नाही.