वाचकांचे प्रश्न : अनेक देशांच्या पंगतीत बाहेर जेवताना

जगभरातून आलेली माणसे जिथे एकत्र राहतात, अशा शहरांतील उपाहारगृहांविषयी पत्रे पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बहुतेक पत्रे त्याच दोन विषयांभोवती होती.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी शाकाहारी आहोत. नोकरीनिमित्त ज्या शहरात आलो आहोत, तिथे एकाच रस्त्यावर थाई, जपानी, कोरियन आणि मेक्सिकन उपाहारगृहे आहेत. एका ठिकाणी ‘हे शाकाहारी आहे ना?’ असे विचारून आम्ही सूप मागवले. ‘हो’ असे उत्तर मिळाले. नंतर कळले की त्यात माशाचा अर्क होता. आम्हाला फसवले गेले का?

उत्तर : तुम्हाला झालेला मनस्ताप मी समजू शकते, पण बहुधा कोणी फसवले नसावे. तुम्ही विचारलेला प्रश्न आणि समोरच्याने ऐकलेला प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न होते. अनेक समाजांत ‘शाकाहारी’ म्हणजे ताटात मांसाचे तुकडे दिसत नाहीत, एवढाच अर्थ घेतला जातो. रस्सा कशाचा आहे किंवा फोडणी कोणत्या चरबीत दिली आहे, हे त्या शब्दाच्या कक्षेत येतच नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ‘दाशी’ हे पाणी बहुतेक वेळा कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि उकडून, धुरी देऊन, कडक वाळवलेल्या माशाचा कीस यांपासून तयार होते, आणि तेच पाणी मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात आणि भाज्या शिजवतानाही वापरले जाते. थाई ‘नाम प्ला’ आणि व्हिएतनामी ‘न्युओक माम’ ही लहान मासे मिठात कित्येक महिने मुरवून काढलेली द्रवे आहेत. आपण जसे मीठ घालतो, तितक्याच सहजपणे ती तिथे घातली जातात. थाई करीच्या वाटणात वाटलेली आणि आंबवलेली कोळंबी असते. कोबीच्या किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या लोणच्यात, खारवलेली कोळंबी किंवा माशाचे द्रव घालण्याची पद्धत आहे. मेक्सिकन पद्धतीने परतून घोटलेले घेवडे अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात, आणि इटलीच्या पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातील विरजण वापरतात.

म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ हा प्रश्न सोडून द्या आणि पदार्थाचा प्रत्येक भाग वेगळा विचारा. सूपचे पाणी कशाचे आहे, सॉसमध्ये मासा किंवा कालवे आहेत का, वाटणात कोळंबी आहे का, घेवडे तेलात परतले की चरबीत, असे विचारले की स्वयंपाकघरात जाऊन पाहिल्याशिवाय वेटरला उत्तर देता येत नाही, आणि तुम्हाला हवे असते तेही तेच. हे प्रश्न रात्रीच्या गर्दीत विचारू नयेत. दुपारचे जेवण उरकल्यानंतरच्या निवांत वेळी फोन करून किंवा स्वतः जाऊन विचारले, तर स्वयंपाकीही मनापासून उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

याहून चांगला मार्ग म्हणजे त्या त्या स्वयंपाकात आधीपासून असलेली शाकाहाराची परंपरा तिच्या नावाने मागणे. थाई उपाहारगृहात ‘जे’ हा शब्द उच्चारला, तर मांस, मासे, अंडी, दूध आणि माशाचे द्रव यांतले काहीही चालणार नाही, हे समोरच्याला लगेच कळते. चिनी बौद्ध परंपरेतील ‘सू’ जेवणात तर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही बऱ्याचदा वर्ज्य असतात, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या वाचकांनी त्याची अवश्य चौकशी करावी. जपानी मंदिरांतील ‘शोजिन र्‍योरी’ या पद्धतीत दाशी केवळ कोंबूचे किंवा वाळवलेल्या अळिंब्यांचे असते.

माझ्या मते सर्वांत समाधान देणारे जेवण इथिओपियन उपाहारगृहात मिळते. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वीच्या दीर्घ व्रतकाळात प्राणिजन्य काहीही खात नाहीत, लोणीसुद्धा नाही. या उपवासाला ‘त्सोम’ म्हणतात. उपवासाचे मिश्र ताट मागितले की मसुरीची तिखट आमटी, हरभऱ्याच्या पिठाचे दाट ‘शिरो’, पालेभाजी, बटाटा-कोबी असे कितीतरी प्रकार ‘इंजेरा’ या आंबवलेल्या पिठाच्या एकाच मोठ्या मऊ धिरड्यावर वाढून येतात. हे जेवण पाहुण्यांच्या सोयीसाठी कोणी नव्याने रचलेले नाही. शेकडो वर्षांच्या श्रद्धेतून ते घडले आहे, आणि त्याची चवही तशीच मुरलेली आहे.

ज्यू लोकांच्या कोशर नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र येऊ शकत नाही. त्यामुळे कोशर ‘दुग्ध’ उपाहारगृहात मांस अजिबात नसते, मात्र मासे असू शकतात. ही उपाहारगृहे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत बंद असतात.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची आणि तिळाची तीव्र ॲलर्जी आहे. वेगवेगळ्या देशांचे जेवण त्याला कधीच देऊ नये का?

उत्तर : देता येईल, पण ‘त्याला आवडत नाही’ आणि ‘त्याच्या जिवाला धोका आहे’ यांतला फरक पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावा लागेल. ज्या भाषेत स्वयंपाकघर बोलते, त्या भाषेत लिहिलेले एक कार्ड जवळ ठेवावे. त्यावर केवळ ‘शेंगदाणे नकोत’ असे न लिहिता शेंगदाण्याचे तेल, कूट आणि वाटणही नको, आणि त्याच तेलात किंवा त्याच कढईत दुसरा पदार्थ केला असेल तर तोही चालणार नाही, असे लिहून घ्यावे. धोका बहुतेक वेळा तळणीच्या सामाईक तेलात किंवा नुसत्या पुसून घेतलेल्या कढईत असतो.

शेंगदाणा थाई साते आणि मासामान करीत, चिनी कुंग पाओत, पश्चिम आफ्रिकेच्या ‘माफे’ या रश्श्यात आणि काही मेक्सिकन ‘मोले’ प्रकारांत असतो. तीळ तर पश्चिम आशियातील हुमूस, बाबा गनूश, तिकडचा हलवा आणि झातार यांत असतातच, शिवाय कोरियन आणि चिनी पदार्थांवर शेवटी तिळाच्या तेलाचे चार थेंब सोडले जातात आणि मेन्यूत त्याचा उल्लेख नसतो. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून उपाहारगृहांनाही 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे, आणि त्यांत शेंगदाणा व तीळ दोन्ही आहेत. अमेरिकेत पाकीटबंद खाद्यपदार्थांवरील प्रमुख ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत तिळाचा समावेश 1 जानेवारी 2023 पासून झाला. कायदा असला तरी वेटर अडखळला, किंवा ‘नसावे बहुतेक’ असे म्हणाला, तर त्या ठिकाणी मुलाला काहीही देऊ नये, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन घरी विसरून तर मुळीच जाऊ नये.

प्रश्न : माझा एक मित्र प्रत्येक उपाहारगृहाला नावे ठेवतो. ‘हे अस्सल नाही, त्या देशात असे कोणी खात नाही’, असे तो म्हणतो. अस्सल जेवण कुठे मिळते, हे कसे ओळखावे?

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून अनेकदा बरोबर असेल, पण त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष मला मान्य नाही. परदेशात गेलेला स्वयंपाकी पदार्थ बदलतो तो ओळखीची भाजी मिळत नाही म्हणून, पीठ वेगळे असते म्हणून, आणि आलेल्या माणसाने उपाशी परत जाऊ नये म्हणून. हे फार पूर्वीपासून घडत आले आहे. उत्तर सोंग राजवटीची राजधानी असलेल्या चीनमधील कायफंग शहरात, म्हणजे 1127 पूर्वी, दक्षिणेकडचे आणि सिचुआनचे जेवण देणारी वेगळी उपाहारगृहे होती, कारण तिथे दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे राहत आणि त्यांना घरच्या चवीची आठवण येई. लंडनमध्ये 1810 साली शेख दीन मुहम्मद यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ सुरू केले. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले, पण त्यांनी घातलेली वाट पुढे फार रुंद झाली. आज ब्रिटनमध्ये ‘इंडियन’ अशी पाटी लावलेल्या उपाहारगृहांपैकी पुष्कळशी बांगलादेशातील सिलहट भागातून आलेल्या कुटुंबांनी उभी केली आहेत. तिथले जेवण सिलहटमधल्या घरच्यासारखे नाही आणि दिल्लीतल्यासारखेही नाही. ते ब्रिटनमध्ये जन्मलेले जेवण आहे.

पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात 1961 साली कामगारभरतीचा करार झाला. त्या वाटेने आलेल्या तुर्की लोकांनी बर्लिनमध्ये डोनर कबाब पावात भरून हातात देण्याची पद्धत रुजवली, आणि आज तो पदार्थ बर्लिनची ओळख आहे. पेरूमध्ये 1849 पासून चिनी मजूर नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या उपाहारगृहांना तिथे ‘चिफा’ म्हणतात, आणि सोया सॉसमध्ये परतलेले गोमांस, कांदा, टोमॅटो व तळलेले बटाटे यांचा ‘लोमो सालतादो’ हा आता सबंध पेरूचा पदार्थ झाला आहे. अमेरिकेने 1882 साली चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती, आणि 1915 मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने काही उपाहारगृह-मालकांनाही ‘व्यापारी’ मानले जाऊ लागले, तेव्हा अनेक कुटुंबांनी भांडवल एकत्र करून उपाहारगृहे काढली. त्या ताटातल्या गोडसर सॉसला नावे ठेवताना, ते जेवण एके काळी माणसांना आपल्या नातलगांजवळ राहण्याचा परवाना मिळवून देत होते, हे तुमच्या मित्राला जरूर सांगा.

तरीही सगळे बदल सारखेच, असे मी म्हणणार नाही. एकाच मेन्यूत चार-पाच देशांचे शंभर पदार्थ असतील, तर स्वयंपाकघरात ताजे वाटण कमी आणि बाटलीतले सॉस जास्त असण्याचा संभव असतो. याउलट ‘चिनी’ एवढेच न लिहिता सिचुआन, कँटन किंवा शीआन असा प्रदेश लिहिलेला असेल, पदार्थ मोजके असतील आणि त्यांतले दोन-तीन तुमच्या परिचयाचे मुळीच नसतील, तर तिथे आत्मविश्वास असलेला स्वयंपाकी आहे, असे समजावे. ‘तुम्ही स्वतः आज काय जेवणार आहात?’ हा प्रश्न विचारून पाहावा. अनेक ठिकाणी मूळ भाषेतील वेगळा मेन्यू किंवा भिंतीवर हाताने लिहिलेली यादी असते; तिच्याकडे बोट दाखवून विचारण्यात कसलाही संकोच नको.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. फ्रेंच किंवा जपानी जेवणाला भरपूर पैसे मोजणारी माणसे इथिओपियन, व्हिएतनामी किंवा मेक्सिकन जेवण मात्र स्वस्तच असले पाहिजे असे धरून चालतात. ‘फो’ या व्हिएतनामी नूडल सूपच्या रात्रभर उकळत ठेवलेल्या रश्श्यामागचे कष्ट फ्रेंच रश्श्यामागच्या कष्टांपेक्षा कमी नसतात.

प्रश्न : इंजेरा सगळ्यांनी एकाच ताटातून खायचा असतो का? आणि चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागणे अपमानास्पद ठरते का?

उत्तर : इंजेरा एकाच ताटातून, उजव्या हाताने, कडेचा तुकडा तोडून आणि त्यातच भाजी पकडून खातात. आपल्या समोरच्या भागातूनच घ्यावे. यजमानाने स्वतःच्या हाताने घास भरवला, तर तो ‘गुर्शा’ म्हणजे आपुलकीचा मान असतो. तो नाकारू नये. हा इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचा असतो, मात्र इथिओपियाबाहेर त्यात गव्हाचे किंवा जवाचे पीठ अनेकदा मिसळतात, तेव्हा ग्लुटेन न चालणाऱ्यांनी आधी विचारावे.

काटा मागण्यात काहीही गैर नाही. थाई जेवणात तर चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात हीच रीत आहे, चॉपस्टिक्स प्रामुख्याने नूडल्ससाठी असतात. जपानी ठिकाणी मात्र भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये पदार्थ देऊ नये. या दोन्ही कृती अंत्यसंस्काराशी जोडलेल्या आहेत. टिपेबाबत काही जणांनी विचारले आहे : ज्या शहरात बसलो आहोत तिथली पद्धत पाळावी, पदार्थाच्या देशाची नव्हे. जपानमध्ये टीप देण्याची रीत नाही, म्हणून अमेरिकेतल्या जपानी उपाहारगृहातही ती देऊ नये, असे नाही.

प्रश्न : माझी 74 वर्षांची आई माझ्याकडे राहायला आली आहे. ती कोणत्याही नव्या ठिकाणी जेवायला तयार होत नाही. तिला आग्रह करावा का?

उत्तर : आग्रह करू नये. या वयात नव्या शहरात आल्यावर भाषा, हवामान, शेजार सगळेच परके झालेले असते आणि ताट ही एकच ओळखीची जागा उरते. तीही काढून घेतल्यासारखे त्यांना वाटू शकते. पहिल्यांदा त्यांना जेवायला म्हणून नेऊच नका. दुपारी तुर्की किंवा इराणी ठिकाणी नुसता चहा घ्या, किंवा इथिओपियन ठिकाणी कॉफी. तिथे काही वेळा कच्चे दाणे समोर भाजून त्यांचा वास घेण्यासाठी तवा टेबलाशी आणतात, आणि एकाच पुडीवर तीन वेळा पाणी घालून तीन फेऱ्या देतात. पुढच्या खेपेस मसुरीची आमटी, भात, तंदूरमधून निघालेली रोटी असे काही मागवा, ज्यात हाताला आणि जिभेला ओळखीचे काहीतरी सापडेल. स्वयंपाक करणारी बाई त्यांच्याच वयाची असेल आणि वेळ मोकळा असेल, तर दोघींची गाठ घालून द्या. भाषा येत नसली तरी डाळ किती वेळ शिजवली, हे हातवाऱ्यांनी विचारता येते.