घळीतला पूर: पाणी कधी आणि किती वाढवायचं?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात तुम्ही आखलेली लढाई अशी: पाचव्या लेव्हलची चौघांची पार्टी (खेळाडूंची पात्रं), अरुंद घळ, समोर गॉब्लिन (बुटके राक्षस), मधेच पूर. आणि बुडायची भीती मात्र कुणालाच वाटत नाही, ही तुमची अडचण. वाटणारच नाही! डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत १ अधिक कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणावरून मिळणारा अधिक-उणे आकडा, इतकी मिनिटं श्वास रोखता येतो. कॉन्स्टिट्यूशन १४ (मॉडिफायर +२) असेल तर ३ मिनिटं, म्हणजे सहा-सहा सेकंदांचे ३० राउंड. लढाई चार-सहा राउंडांत आटोपते. तेव्हा पाण्याला श्वासाच्या मागे लावू नका, पायाखालची जागा काढून घेऊ द्या. एचपी (पात्राची प्राणशक्ती) कमी करायला गॉब्लिन आहेतच.

घळ नकाशावर ६ चौकोन (एक चौकोन ५ फुटांचा) रुंद आखा आणि लढाईपासून खालच्या बाजूला निदान १२ चौकोन प्रवाह ठेवा. त्याच्या टोकाला ३० फुटांचा धबधबा. पाणी दर राउंडला इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) २० वर चढतं. पहिले दोन राउंड गुडघाभर, नुसतं डिफिकल्ट टेरेन, म्हणजे चाल निम्मी. तिसऱ्या-चौथ्यात कंबरभर: पाण्यात टर्न सुरू झाला की डीसी १२ अ‍ॅथलेटिक्स (वीस बाजूंचा फासा अधिक स्ट्रेंग्थचा मॉडिफायर मिळून निदान १२ हवेत), चुकला तर १० फूट वाहत गेला. पाचव्यापासून डोक्यावरून पाणी, डीसी १५ आणि २० फूट. काठाला बांधलेला दोर धरला असेल तर अ‍ॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). हे आकडे माझे. धबधब्यावरून पडल्याचं ३डी६ (तीन सहा-बाजूंचे फासे) नुकसान मात्र नियमातलं, दर १० फुटांना १डी६. डीसी १५ च्या वर जाऊ नका. स्ट्रेंग्थ ८ चा विझार्ड डीसी १२ लाच शंभरात साठ वेळा वाहून जातो.

गॉब्लिनांचीही स्ट्रेंग्थ ८ च आहे, तेव्हा त्यांना सूट नको. खेळाडूंनी ढकलून त्यांना प्रवाहात घातलं तर तेही वाहू देत. थंडरवेव्ह ही जादू १० फूट ढकलते, ती इथे सोन्यासारखी.

प्लेट (पूर्ण धातूचं चिलखत) घातलेला पॅलॅडिन (धर्मयोद्धा) पाण्यात जड व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं. नियमात मात्र प्लेटचा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) फक्त स्टेल्थला, म्हणजे लपतछपत जाण्याला आहे. बदलायचं असेल तर सेशनआधी सांगा, नाहीतर टेबलावर वाद ठरलेला.

बहुतेक पूर फसतात ते न सांगता येतात म्हणून. पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून विसर्ग वाढायच्या आधी नदीकाठी इशारा मिळतो, शहरातला भिडे पूल बंद होतो. तसंच काहीतरी इथेही हवं. पाणी गढूळ होतं, पालापाचोळा वाहत येतो, वरून घोंघाट ऐकू येतो. नकाशाच्या कोपऱ्यात एक डी६ ठेवून दर राउंडला आकडा वाढवा. डाइस समोर दिसत असला की पार्टी आपोआप उंच दगड शोधायला लागते.

मिस्टी स्टेपने (क्षणात दुसरीकडे नेणारी जादू) कुणी काठ गाठला तर गाठू द्या, स्लॉट (जादू टाकायची ठराविक संधी) गेलाच आहे. पाण्यावर चालवणाऱ्या वॉटर वॉक या मंत्राकडे मात्र लक्ष ठेवा. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुजारी पात्र) तो असू शकतो, आणि रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून टाकला तर स्लॉट न घालवता दहा जण पाण्यावर चालतात. रिच्युअलला १० मिनिटं जास्तीची लागतात, म्हणून पहिला इशारा पूर येण्याच्या दहा मिनिटांहून आधी देऊ नका.